रेड विंग्ज: सलग नववं वर्ष, पुन्हा प्लेऑफ नाही

नोव्हीकर | १८ एप्रिल २०२५

काल टोरांटोला शेवटची मॅच झाली, ओव्हरटाइममध्ये ४-३ हरलो आणि आमच्या डेट्रॉईट रेड विंग्जचा आइस हॉकीचा सीझन आटोपला. ३९ विजय, ३५ पराभव आणि ८ वेळा ओव्हरटाइम-शूटआउटची हार, एकूण ८६ पॉइंट. पूर्वेकडची शेवटची जागा माँट्रियलनं ९१ पॉइंटांवर पटकावली. कोलंबस ८९ करूनही बाहेर राहिलं आणि आम्ही त्यांच्याही मागे.

इथे आइस हॉकी बघणारे थोडेच असतील, म्हणून आधी थोडी माहिती देतो. एनएचएलमध्ये ३२ टीम, प्रत्येकीच्या ८२ मॅच. त्यातल्या १६ प्लेऑफला, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्यांना, जातात. निम्म्या टीम जातात हो! पहिल्या चारात नाव काढायचं नाहीये, फक्त वरच्या अर्ध्यात यायचंय. आणि ही काही नवखी टीम नाही. अकरा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची अकरा विजेतेपदं, नावावर आहेत. १९९१ ते २०१६, मधलं लॉकआउटमुळे रद्द झालेलं वर्ष सोडलं तर, सलग २५ सीझन रेड विंग्ज प्लेऑफमध्ये होते. त्यात चार कप आले: १९९७, १९९८, २००२, २००८. डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत नोकरीला आलेल्या कितीतरी मराठी घरांत बर्फावरची हॉकी शिरली ती याच काळात.

२०१७ मध्ये टीम जुनं जो लुई अरेना सोडून नव्या लिटल सीझर्स अरेनात गेली. त्या इमारतीत रेड विंग्जची प्लेऑफची एकही मॅच आजवर झालेली नाही. एकही नाही. त्याच इमारतीत खेळणारे बास्केटबॉलचे पिस्टन्स मागच्या वर्षी ८२ पैकी १४ मॅच जिंकले होते, लीगमध्ये तळाला होते. यंदा ४४ जिंकून प्लेऑफला गेले. अमेरिकन फुटबॉलचे लायन्स उभे राहिले, बेसबॉलचे टायगर्स गेल्या वर्षी पोचले. शहरातल्या चारपैकी तीन टीमनी आपापला रस्ता शोधला, आमची तेवढी चाचपडते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. २०१९ मध्ये आमचा जुना कॅप्टन स्टीव्ह आयझरमन जनरल मॅनेजर म्हणून परत आला तेव्हा आमच्याकडे संयम मागितला गेला. आम्ही तो दिला, मनापासून दिला. २०१९-२० मध्ये ७१ पैकी १७ मॅच जिंकल्या तेव्हाही कोणी आवाज चढवला नाही. सगळ्यात वाईट रेकॉर्ड असून ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, लॉटरीत चौथ्या नंबरवर ढकलले गेलो, तेही गिळलं. पण सहा वर्षं झाली. संयम दिला त्याचा हिशेब आता कोणीतरी द्यायला हवा.

दरवर्षी मार्चमध्येच का बुडतो? २०२३ च्या फेब्रुवारीअखेर ओटावात लागोपाठ दोन रात्री मार खाल्ला आणि दोन दिवसांत हरोनेक आणि बर्टुझी दोघांनाही विकलं. २०२४ मध्ये आमचा कॅप्टन लार्किन जखमी झाला आणि सलग सात हरलो. यंदा १ मार्चला ओहायो स्टेडियममध्ये ९४ हजारांहून जास्त लोकांसमोर उघड्यावर कोलंबसशी खेळलो, ५-३ हरलो, आणि त्या आठवड्यापासून गाडी घसरली ती घसरलीच. होळी ते पाडवा हा काळ आमच्यासाठी धास्तीचा झालाय.

तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणानं लिहा.

आठपाय | १८ एप्रिल २०२५

शब्दन्‌शब्द पटलं. सविस्तर लिहितो, आत्ता नुसती पोच देतोय. काल तिसऱ्या पिरियडला टीव्ही बंद करावासा वाटला, पण हात होईना.

पहाटेचा_प्रेक्षक | १९ एप्रिल २०२५

मी पुण्यातून लिहितोय. काही वर्षं मिशिगनमध्ये प्रोजेक्टवर होतो, तिथून हे वेड बरोबर आणलं. उन्हाळी वेळेनुसार तिथे संध्याकाळचे सात म्हणजे इथे पहाटेचे साडेचार. गजर लावून उठतो, आवाज बारीक ठेवून बघतो.

यंदाचं दुःख आहेच, पण मला अजून १६ एप्रिल २०२४ ची रात्र विसरता येत नाही. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सीझनचा शेवटचा दिवस. आदल्याच रात्री माँट्रियलविरुद्ध ४-१ नं मागे असताना परत येऊन ओव्हरटाइममध्ये ५-४ जिंकलेलो, रेमंडनं मारलेला गोल. दुसऱ्या रात्री पुन्हा माँट्रियल, या वेळी त्यांच्या घरी. आम्हाला जिंकायचं होतं आणि वॉशिंग्टननं हरायला हवं होतं.

मी लॅपटॉपवर आमची मॅच आणि फोनवर वॉशिंग्टन-फिलाडेल्फिया अशा दोन्ही लावल्या होत्या. आमची मॅच हातातून गेलीच होती, शेवटच्या काही सेकंदांत पेरॉननं बरोबरी केली. मी उडालोच. तिकडे फोनवर १-१. फिलाडेल्फियाला ठरलेल्या वेळेतच जिंकणं भाग होतं, म्हणून त्यांनी बरोबरीत असताना गोली बाहेर काढला आणि सहावा खेळाडू आत घातला. गोल उघडा. वॉशिंग्टनच्या ओशीनं लांबून पक (रबराची चकती) मारला तो सरळ रिकाम्या जाळीत. २-१.

आम्ही शूटआउटमध्ये ५-४ जिंकलो. दोन्ही टीमचे ९१ पॉइंट. मग बघतात साठ मिनिटांच्या आत कोणी जास्त मॅच जिंकल्या ते. वॉशिंग्टन ३२, डेट्रॉईट २७. गेलो बाहेर.

म्हणून नोव्हीकर, मला मार्चपेक्षा तो २७ चा आकडा जास्त बोचतो. आम्ही मॅच ओव्हरटाइमपर्यंत ओढतो, तिथे कधी जिंकतो, कधी एक पॉइंट घेऊन येतो, आणि वाटत राहतं की चाललंय बरं. साठ मिनिटांत समोरच्याला नमवायची ताकद नाही, हे त्या आकड्यात लिहिलेलं होतं. एक वर्ष मिळालं होतं ते दुरुस्त करायला.

कँटनवासी | १९ एप्रिल २०२५

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका.

आयझरमनच्या हातात २०१९ ला काय आलं ते आठवा. आधीच्या काळात २५ वर्षांची मालिका टिकवायची म्हणून ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे नंबर) वाटले गेले, वय झालेल्या खेळाडूंना लांबलचक करार दिले गेले. एबडेलकेडरचा करार शेवटी पैसे मोजून मोडावा लागला. कपाट रिकामं होतं. लॉटरीत एकदाही वर सरकलो नाही. पहिला-दुसरा पिक हातात न येता टीम बांधायची म्हणजे प्रत्येक निवड अचूक लागायला हवी.

आणि निवडी लागल्यात की! सहाव्या नंबरवर सायडर, चौथ्यावर रेमंड, सहाव्यावर एडविनसन, आठव्यावर कॅस्पर. रेमंडनं यंदा ८० पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले. कॅस्परनं पहिल्याच पूर्ण सीझनमध्ये १९ गोल मारले. ही पोरं अजून पंचविशीच्या आत आहेत.

कोच बदलल्यावर काय झालं तेही बघा. २६ डिसेंबरला लालोंडला काढलं तेव्हा १३-१७-४ (विजय-पराभव-ओव्हरटाइमची हार) होतो. टॉड मॅक्लेलन आल्यावर २६-१८-४. सलग सात विजयांच्या दोन मालिका झाल्या. फेब्रुवारीत कॉप जखमी होऊन उरलेल्या सीझनला मुकला, तिथे मधली फळीच मोडली. हे सगळं धरून विचार करा. आत्ता घाईनं सगळं उलथवलं तर आणखी पाच वर्षं जातील.

नोव्हीकर | १९ एप्रिल २०२५

कँटनवासी, रागवायचं कशाला, तुमच्यासारखं मत आलं तरच चर्चा होते. पोरांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माझी तक्रार पोरांबद्दल नाहीच, त्यांच्या भोवती जी माणसं आणली त्यांच्याबद्दल आहे.

कॉपला पाच वर्षं, वर्षाला ५६ लाख डॉलर. काँफरला पाच वर्षं, ५१ लाख. शिअरोटला चार वर्षं, साडेसत्तेचाळीस लाख. हुसोला तीन वर्षं, पैसे तेवढेच. हॉलला तीन वर्षं, ३४ लाख. यातला प्रत्येक जण सुटा बघितला तर बरा खेळाडू. पण एकत्र धरा. पगाराची मर्यादा ठरलेली असताना एवढा पैसा मधल्या फळीत अडकला की वरच्या फळीला माणूस आणायला हात मोकळा राहत नाही. मॅच फिरवणारा माणूस त्यात एकही नाही.

आणि जेक वॉलमन! मागच्या जूनमध्ये तो सॅन होजेला दिला, वर दुसऱ्या फेरीचा पिक जोडून. बदल्यात काहीही आलं नाही. सॅन होजेनं याच मार्चमध्ये त्याला एडमंटनला दिलं आणि पहिल्या फेरीचा पिक घेतला. ज्याला न्या म्हणून आम्ही वर पैसे दिले, त्याच्यासाठी नऊ महिन्यांत दुसऱ्यानं एवढी किंमत मोजली. दरम्यान आमचा बचाव कसा होता ते सगळ्यांनी पाहिलं. हा निर्णय कोणत्या हिशेबानं घेतला, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

टँपाचं उदाहरण नेहमी दिलं जातं, म्हणून तेही सांगतो. आयझरमननं तिथे उत्तम टीम बांधली, २०२० आणि २०२१ चे कप त्याच पायावर आले, हे मान्य. पण तो २०१० मध्ये तिथे गेला तेव्हा स्टॅमकोस आणि हेडमन आधीच टीममध्ये होते. एक पहिला पिक, एक दुसरा. इथे तसं कोणी नव्हतं. म्हणजे तिथली घाई न करण्याची पद्धत इथे जशीच्या तशी लागू होणार नव्हती. इथे कधीतरी धाडस करावंच लागणार होतं.

निळीरेषा | २० एप्रिल २०२५

माझी मुलगी इथल्या रिंकवर खेळते, त्यामुळे आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी मी काचेला नाक लावून उभी असते. फार्मिंग्टन हिल्सच्या बाजूला राहतो, डिब्रिंकॅटचं गाव हेच. इथल्या पोरांना तो ओळखीतला दादा वाटतो. यंदा त्यानं ३९ गोल मारले तेव्हा रिंकवर काय आनंद होता!

मला एका गोष्टीबद्दल लिहायचंय, जी कोणी काढली नाही. पेनल्टी किल. आपला खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसला की चार जणांनी पाच जणांना अडवायचं. यंदा डेट्रॉईट यात ३२ टीममध्ये शेवटचं होतं. दर दहा पेनल्टींत जवळपास तीन गोल खाल्ले. दुसरीकडे पॉवर प्ले, म्हणजे समोरचा माणूस बाहेर असताना आपला हल्ला, तो लीगच्या पहिल्या पाचात! एका हातानं मिळवायचं आणि दुसऱ्या हातानं वाटून टाकायचं.

चूक कुठे होते ते मुलीच्या कोचनी आम्हा पालकांना एकदा टीव्हीवर मॅच थांबवून दाखवलं. चार जण गोलसमोर चौकोन करून उभे राहतात. नियम साधा, चौकोनाच्या पोटातून आडवा पास जाऊ द्यायचा नाही. बाहेरून कितीही फिरवू दे. आमचे लोक करतात काय, तर पक डाव्या काठाला गेला की दोघं त्याच्याकडे खेचले जातात. चौकोन ताणला जातो. मधे काठीभर रुंदीची फट पडते. त्या फटीतून पास पलीकडे, तिथला माणूस पक थांबवतच नाही, आल्या आल्या मारतो. गोली एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे घसरत जाईपर्यंत पक आत. तुम्ही यंदा खाल्लेले गोल आठवा, कितीतरी असेच दिसतील.

बारा वर्षांच्या पोरींना हे शिकवतात हो. अंतर राखा, काठी बर्फावर ठेवा, फट बुजवा. ही गोष्ट सबंध सीझनभर सुधारली नाही याचं मला फार वाईट वाटतं. पाच पॉइंट कमी पडले ना? पेनल्टी किल नुसता साधारण असता तरी ते याच्यातून निघाले असते असं माझं ठाम मत आहे.

पहाटेचा_प्रेक्षक | २० एप्रिल २०२५

निळीरेषा, अप्रतिम समजावलंत. आता जुने गोल पुन्हा लावून बघतो.

खडकीकर | २० एप्रिल २०२५

बर्फावरच्या हॉकीतलं मला फारसं कळत नाही. मी मैदानावरच्या हॉकीतला, त्यातही खडकीतला, म्हणजे धनराज पिल्लेच्या गल्ल्यांतला. पण धागा वाचून २००८ आठवलं.

मार्च २००८, चिलीतलं सँटियागो. ऑलिंपिकसाठीची पात्रता स्पर्धा, फायनलला समोर ग्रेट ब्रिटन. ०-२ हरलो. १९२८ पासून भारताची हॉकी टीम ऑलिंपिकला गेली नाही असं पहिल्यांदा घडलं. आठ सुवर्णपदकं असलेला देश, आणि बीजिंगचं तिकीटच नाही. आमच्याकडे मैदानावर जमणारी माणसं दोन दिवस एकमेकांशी धड बोलली नाहीत. चार वर्षांनी लंडनला गेलो तर बारात बारावे आलो. म्हणजे पात्र ठरलो म्हणून दुखणं बरं झालं असंही नव्हतं.

तुम्ही लोक प्लेऑफ प्लेऑफ म्हणताय, ते बरोबरच आहे. पण शेवटच्या जागेवरून कसंबसं आत शिरणं आणि टीम खरोखर चांगली होणं यात अंतर असतं, एवढंच सांगावंसं वाटलं. आपल्याकडे टोकियोत ब्राँझ आलं, पॅरिसला पुन्हा आलं, त्याच्या मागे ज्युनियर पातळीपासूनची कितीतरी वर्षं होती. २०१६ मध्ये लखनौला ज्युनियर वर्ल्ड कप जिंकलेली पोरंच पुढे टोकियोत उभी होती.

तुमच्या त्या कॅस्पर-रेमंडना जपा.

नोव्हीकर | २० एप्रिल २०२५

खडकीकर, आवर्जून लिहिलंत, आभार. शेवटच्या जागेबद्दल मात्र माझं मत निराळं आहे. तरुण टीमला प्लेऑफचा अनुभव मिळणं हीच तर घडण्याची पुढची पायरी. माँट्रियलची टीम आमच्यापेक्षा तरुण आहे, ते आत्ता आत आहेत. पहिल्या फेरीत हरतीलही, पण त्यांची पोरं एप्रिलमधली हॉकी काय असते ते शिकून येतील. आमची घरी बसून बघतायत.

आठपाय | २१ एप्रिल २०२५

आता सविस्तर.

मी १९९४ मध्ये वॉरनला नोकरीला आलो. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसमधल्या एका गोऱ्या फोरमननं हॉकी बघायला शिकवलं. तो 'डेड विंग्ज'च्या काळातला. १९६७ ते १९८३ एवढ्या वर्षांत टीम फक्त दोनदा प्लेऑफला गेली होती. १९८२ मध्ये माइक इलिचनी टीम घेतली तेव्हा स्टेडियम भरेना, म्हणून घरच्या प्रत्येक मॅचला प्रेक्षकांतल्या एकाला गाडी बक्षीस देत असत. त्या फोरमनला गाडी काही लागली नाही, पण तो जात राहिला.

१९८३ मध्ये चौथ्या नंबरवर आयझरमन आला. एकविसाव्या वर्षी कॅप्टन झाला. तरीही कप यायला १९९७ उजाडलं. १९९५ ला फायनलमध्ये चारही मॅच हरलो. १९९६ ला सीझनमध्ये ६२ मॅच जिंकून कोलोरॅडोकडून बाहेर. लोक म्हणायचे, हा कॅप्टन कप आणू शकत नाही, विकून टाका. ७ जून १९९७ ला फिलाडेल्फियाला चौथ्यांदा हरवलं आणि ४२ वर्षांनी कप घरी आला, तेव्हा तो फोरमन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. बर्फावर ऑक्टोपस पडत होते. ही फेकाफेक १९५२ पासूनची, कप जिंकायला तेव्हा आठ विजय लागायचे म्हणून आठ पायांचा प्राणी.

त्यामुळे आयझरमनवर टीका लिहिताना माझी बोटं अडखळतात. पण लिहितो. ज्या माणसानं कॅप्टन म्हणून मार्चमध्ये कधी पाय मागे घेतला नाही, त्यानं मॅनेजर म्हणून मार्चमध्ये टीमच्या मदतीला माणूस पाठवायला हवा होता. ७ मार्चच्या, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या डेडलाइनला काय आलं? गोली म्राझेक आणि क्रेग स्मिथ. म्राझेक २०१६ च्या आमच्या शेवटच्या प्लेऑफमध्ये गोलवर होता, नऊ वर्षांनी पुन्हा तोच. सीझन संपल्यावर लार्किन पत्रकारांपुढे स्पष्ट म्हणाला की डेडलाइनला टीमला बळ मिळालं नाही, त्यामुळे पोरं थोडी खचली. कॅप्टन जाहीरपणे असं बोलतो तेव्हा ते वरपर्यंत पोचायला हवं.

लार्किनचा विचार करा. इथलाच, वॉटरफर्डचा पोरगा. २०१५ पासून खेळतोय. त्याच्या वाट्याला आजवर प्लेऑफच्या पाच मॅच आल्या, त्याही पहिल्याच वर्षी, टँपाविरुद्ध. यंदा ३० गोल मारले. बाकीच्या टीममधले त्याच्या वयाचे खेळाडू प्लेऑफच्या शंभर मॅच पार करतायत.

ट्रॉयचा_धाकटा | २१ एप्रिल २०२५

आठपाय काका, तुमचं लिखाण आईला वाचून दाखवलं.

मी इथेच जन्मलो, मराठी आईबाबांमुळे लिहिता येतं, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. तुम्हा सगळ्यांकडे आठवणी आहेत. १९९७, २००२, २००८. माझ्याकडे नाहीत. टीम शेवटची प्लेऑफला गेली तेव्हा मी शाळेत खालच्या वर्गात होतो आणि रात्री नऊला झोपावं लागायचं. माझ्या मित्रांमधले बहुतेक लायन्सचे झाले. २०२३ च्या सीझनला लायन्स इतक्या वर्षांनी प्लेऑफची मॅच जिंकले, सगळं शहर रस्त्यावर होतं. आता पिस्टन्स. हॉकीबद्दल कॉलेजमध्ये बोलायला दोघंतिघंच उरलोत.

तुम्हाला राग येतो कारण तुम्ही काहीतरी गमावलंय. आमच्या वयाच्या मुलांना राग येत नाही, ती सरळ दुसरीकडे जातात. टीमच्या मालकांनी आणि मॅनेजरनी याचा विचार करावा असं मला कळकळीनं वाटतं. मी जाणार नाही, कारण सायडर. तो ज्या तऱ्हेनं निळ्या रेषेवर समोरच्याला अंगावर घेतो, ते बघायला मी कोणतीही मॅच बघेन.

निळीरेषा | २१ एप्रिल २०२५

ट्रॉयचा_धाकटा, एकही चूक नाही रे. लिहीत जा इथे.

तू म्हणतोस ते रिंकवरही दिसतं. लहान मुलामुलींच्या अंगावर दुसऱ्याच टीमच्या जर्सी दिसायला लागल्यात. एडमंटन, कोलोरॅडो. डेट्रॉईटच्या उपनगरात कोलोरॅडोची जर्सी! १९९७ ला हे कोणी खपवून घेतलं असतं का, आठपायांना विचारा.

आठपाय | २१ एप्रिल २०२५

दारातून आत सोडलं नसतं.

कँटनवासी | २२ एप्रिल २०२५

काल रात्री पिस्टन्स न्यूयॉर्कमध्ये जिंकले, २००८ नंतरचा त्यांचा पहिला प्लेऑफ विजय. गुरुवारी घरची मॅच आहे. बघताना आनंद होतो आणि त्याच वेळी पोटात तुटतं, की हीच इमारत, हीच माणसं, आणि आमच्या टीमसाठी असा आवाज इथे एकदाही उठलेला नाही. वर एवढं समर्थन करूनही हे लिहिल्यावाचून राहवत नाही. धाकट्यानं लिहिलेलं वाचून झोप नीट लागली नाही.

तर आता पुढचं बोलू. १ जुलैला खेळाडूंचा बाजार उघडेल. पहिली गरज कोणती? मला विचाराल तर आधी उजव्या बाजूचा पक्का बचावपटू. सायडरवर एवढा भार टाकून ८२ मॅच निघत नाहीत.

नोव्हीकर | २२ एप्रिल २०२५

माझ्या मते पहिला गोली. टॅलबट सदतिशीचा आहे. त्यानं झेपेल तेवढं केलं, पण रात्रीमागून रात्र शॉट अडवायला लावून त्याच्याकडून एप्रिलपर्यंत टिकण्याची अपेक्षा धरणं अन्याय आहे. पुढची पाच वर्षं टिकेल असा, सिद्ध झालेला गोली ट्रेड करून आणा. मग बचावपटू. मग डिब्रिंकॅट-लार्किनच्या जोडीला मोठ्या अंगाचा, गोलसमोर उभा राहणारा फॉरवर्ड. केनला एक वर्ष आणखी ठेवायला माझी हरकत नाही, पॉवर प्लेवर त्याची नजर अजून शाबूत आहे. आणि पेनल्टी किलसाठी नवीन सहायक कोच हवाच, निळीरेषांनी लिहिलंय ते वाचून माझी खात्री झाली.

यासाठी पहिल्या फेरीचा पिक द्यावा लागला तर द्या. कपाट आता रिकामं नाही.

कँटनवासी | २२ एप्रिल २०२५

इथेच माझा विरोध. गोलीसाठी पहिल्या फेरीचा पिक अजिबात नको. सेबॅस्टियन कोसा तयार होतोय. डिसेंबरमध्ये बफेलोला मधेच आत आला आणि शूटआउट जिंकून दिला. बावीस वर्षांचा आहे. त्याला दोन वर्षं द्या.

आठपाय | २२ एप्रिल २०२५

कँटनवासी, कोसाला २०२१ मध्ये घेतलं. त्यासाठी डॅलसला तीन पिक देऊन आपण पंधराव्या नंबरवर चढलो. त्यातल्या तेविसाव्या पिकवर डॅलसनं वायट जॉन्स्टनला घेतलं. त्यानं यंदा ३३ गोल मारले आणि आत्ता तो प्लेऑफ खेळतोय. कोसा चांगला निघावा अशी माझीही मनापासून इच्छा आहे, पण 'आणखी दोन वर्षं' हे शब्द मी २०१९ पासून ऐकतोय. लार्किन येत्या जुलैत एकोणतीस पूर्ण करेल. त्याला कोणत्या दोन वर्षांचं सांगायचं?